हातविणकामातील चित्रांकन : रंगतंत्रांचे स्वरूप आणि अध्ययनक्रम

सारांश

लोकरीच्या हातविणकामात चित्र घालण्यासाठी अनेक रंगतंत्रे वापरली जातात. ही तंत्रे बहुधा त्यांच्या सुलट बाजूवरून, म्हणजे दिसणाऱ्या चित्रावरून ओळखली व शिकवली जातात. प्रस्तुत लेखात ती उलट बाजूवरून समजून घेण्याचा प्रयत्न केला आहे. ज्या टाक्याला एखादा रंग लागत नाही त्या टाक्याच्या वेळी त्या रंगाचा धागा कोठे असतो, या एका प्रश्नाच्या आधारे चार प्रमुख तंत्रांचे स्वरूप, मर्यादा व ऐतिहासिक संदर्भ स्पष्ट केले आहेत आणि त्यावर आधारित अध्ययनक्रम सुचविला आहे.

बीजसंज्ञा : हातविणकाम, रंगतंत्र, आलेख, आडवा धागा, इंटार्सिया, मोझेक, अध्ययनक्रम.

प्रस्तावना

दोन सुया आणि लोकर यांच्या साहाय्याने केले जाणारे विणकाम महाराष्ट्रातील घरांना अपरिचित नाही. बाळंतविड्यातील टोपडे, स्वेटर व पायमोजे यांच्या रूपाने ते घराघरांत पोहोचले. शाळेतील कार्यानुभवाच्या तासाला आणि गृहविज्ञानाच्या वर्गातही त्याला स्थान मिळाले. ‘एक सुलट, एक उलट’ हा त्याचा मूलमंत्र बहुतेकांना ऐकून तरी माहीत असतो. मराठीत ‘विणकाम’ हा शब्द मागावरील विणाईसाठीही वापरला जात असल्याने, प्रस्तुत लेखात तो केवळ सुयांवरील लोकरीच्या विणकामासाठी योजला आहे, हे आरंभीच नमूद करणे आवश्यक आहे.

साधे विणकाम आत्मसात झाल्यानंतर विणणाऱ्या व्यक्तीच्या मनात साहजिकच चित्राची इच्छा निर्माण होते. स्वेटरच्या छातीवर एखादा पोपट असावा, टोपीच्या काठावर फुलांची रांग असावी, असे वाटू लागते. नेमक्या याच टप्प्यावर अनेक विद्यार्थिनी व विद्यार्थी अडखळतात. कापड आकसते, दोन रंगांच्या सीमेवर भोके पडतात, चित्र चेपल्यासारखे दिसते किंवा गुंड्यांचा इतका गुंता होतो की काम उसवून ठेवावे लागते. असे झाल्यावर हातात कौशल्य नाही असा निष्कर्ष विद्यार्थी काढतो आणि हे काम कायमचे सोडून देतो. वस्तुतः अशा प्रसंगी दोष बहुधा हाताचा नसतो. निवडलेले तंत्र त्या चित्राला अनुरूप नसते. म्हणूनच तंत्र कसे निवडावे हे शिकणे, तंत्र कसे करावे हे शिकण्याइतकेच महत्त्वाचे ठरते.

१. चित्र कापडावर नसते, कापडात असते

कागदावरील चित्रात पृष्ठभाग आधी तयार असतो आणि रंग नंतर येतो. भरतकामातही कापड आधी असते. विणकामात मात्र कापड आणि चित्र यांची निर्मिती एकाच वेळी होते. प्रत्येक टाका हा धाग्याचा एक फास असून तो खालच्या ओळीतील फासातून ओढून घेतलेला असतो. सुलट बाजूने पाहिल्यास तो इंग्रजी ‘व्ही’ या अक्षरासारखा दिसतो. चित्राचा लहानात लहान घटक म्हणजे हा एक टाका होय. अर्ध्या टाक्याचा रंग बदलता येत नाही. त्यामुळे विणलेल्या चित्रातील प्रत्येक तिरपी वा वक्र रेषा ही मुळात पायऱ्यापायऱ्यांची रेषा असते. ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपक्यांची मांडणी जशी आकृतीची मर्यादा ठरवते, तशीच येथे टाक्यांची संख्या चित्राची मर्यादा ठरवते.

दुसरी बाब धाग्याच्या प्रवासाची. विणकामातील धागा अखंड असतो. तो एका टाक्यातून शेजारच्या टाक्यात जातो. एका ओळीत दोन रंग आले की एक रंग विणला जात असताना दुसऱ्या रंगाचा धागा कोठेतरी असावाच लागतो. सुलट बाजूस तो दिसत नाही, परंतु त्याचे अस्तित्व कापडाची जाडी, लवचीकता, ऊब आणि टिकाऊपणा यांवर परिणाम करते. रंगतंत्रांमधील भेदाचे मूळ या ठिकाणी आहे.

२. आलेख, प्रमाण आणि वाचनाची दिशा

विणकामाचे चित्र प्रथम आलेखावर मांडले जाते. आलेखातील एक चौकट म्हणजे एक टाका आणि चौकटींची एक आडवी रांग म्हणजे एक ओळ. आलेख खालून वर वाचला जातो, कारण कापड सुईवर खालून वर वाढत जाते. सपाट विणकामात सुलट बाजूची ओळ उजवीकडून डावीकडे वाचतात आणि उलट बाजूची ओळ डावीकडून उजवीकडे. मराठी वाचनाची सवय डावीकडून उजवीकडे व वरून खाली अशी असल्याने नवशिक्याची पहिली चूक येथेच संभवते. सममित फुलात ही चूक लक्षात येत नाही. अक्षरे विणताना मात्र ती आरशातल्यासारखी उलटी उमटतात. आलेखाच्या उजव्या कडेला विषम व डाव्या कडेला सम ओळींचे क्रमांक लिहून ठेवणे आणि चालू ओळीच्या लगत वर कागदाची पट्टी ठेवून पुढील ओळी झाकणे, हे दोन साधे उपाय पुरेसे ठरतात. विणून झालेल्या ओळी उघड्या राहिल्यामुळे सुईवरील काम त्यांच्याशी पडताळून पाहता येते.

प्रमाणाचा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. सुलट-उलट ओळींच्या साध्या विणीतील टाका चौरस नसतो; तो उंचीपेक्षा रुंदीला अधिक असतो. मध्यम जाडीच्या लोकरीत १० सेंटिमीटर रुंदीत २२ टाके आणि १० सेंटिमीटर उंचीत ३० ओळी येतात असे मानू. चौरस चौकटींच्या कागदावर २२ बाय २२ चौकटींत काढलेले वर्तुळ अशा विणीत १० सेंटिमीटर रुंद, परंतु केवळ सुमारे ७.३ सेंटिमीटर उंच होईल. ते वर्तुळ न राहता आडवे अंडाकृती दिसेल. ते गोल दिसावे यासाठी उंचीत ३० चौकटी घ्याव्या लागतील. कशिद्याचे आलेख जसेच्या तसे विणकामात वापरले की चेहरे आणि पक्षी चेपलेले का दिसतात, याचे उत्तर या साध्या त्रैराशिकात आहे.

म्हणून चित्र विणण्यापूर्वी त्याच लोकरीचा, त्याच सुयांवर आणि त्याच तंत्राने नमुन्याचा तुकडा विणून, तो भिजवून व वाळवून मोजणे अनिवार्य आहे. तंत्र बदलले की प्रमाणही बदलते. दोन धागे एकत्र नेण्याच्या तंत्रात टाके साध्या विणीपेक्षा चौरसाच्या अधिक जवळ येतात. साध्या विणीवर केलेले मोजमाप तेथे लागू पडत नाही.

३. न लागणारा धागा कोठे जातो?

या प्रश्नाची चार उत्तरे संभवतात : धागा मागून पुढे जातो, आपल्या जागीच थांबतो, ओळीबाहेर राहतो किंवा मुळात नंतर येतो. प्रत्येक उत्तरातून एक स्वतंत्र तंत्र सिद्ध होते.

३.१ धागा मागून नेणे

या तंत्रात एका ओळीत दोन रंग वापरले जातात आणि न लागणारा रंग कापडाच्या उलट बाजूने आडवा नेला जातो. स्कॉटलंडच्या उत्तरेस, ऑर्कनी व शेटलंड या द्वीपसमूहांच्या दरम्यान असलेल्या फेअर आइल या लहानशा बेटाचे नाव या शैलीला जोडले गेले आहे. तेथील परंपरेत संपूर्ण वस्त्रात अनेक रंग असले तरी एका ओळीत सामान्यतः दोनच रंग येतात. बहुरंगी भासणाऱ्या या कामाची वीण प्रत्यक्षात किती शिस्तबद्ध आहे, हे यावरून ध्यानात येते. १५८८ मध्ये स्पॅनिश आरमारातील ‘एल ग्रान ग्रिफोन’ हे जहाज या बेटापाशी फुटले आणि त्यावरील खलाशांनी ही नक्षी बेटवासीयांना शिकवली, अशी आख्यायिका सांगितली जाते. जहाज फुटल्याची घटना ऐतिहासिक आहे. नक्षीशी जोडलेल्या संबंधाला मात्र पुरावा नाही. १९२२ मध्ये तत्कालीन प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढील काळातील आठवा एडवर्ड, सेंट अँड्र्यूज येथे गोल्फच्या प्रसंगी फेअर आइल स्वेटर घालून आला आणि ही शैली फॅशनच्या जगात लोकप्रिय झाली. पुढे या पद्धतीच्या कोणत्याही कामाला सरसकट ‘फेअर आइल’ म्हटले जाऊ लागले. परंतु तेच तत्त्व अन्यत्रही स्वतंत्र रूपांत आढळते. नॉर्वेतील सेल्बू येथे मारित एमस्टाड हिने १८५७ मध्ये विणलेल्या, आठ पाकळ्यांच्या फुलाच्या काळ्या-पांढऱ्या हातमोज्यांपासून तेथील प्रसिद्ध परंपरा सुरू झाली. पेरू देशातील टिटिकाका सरोवरातील ताकिले बेटावर पुरुष बारीक नक्षीच्या टोप्या विणतात. तेथील वस्त्रकलेला युनेस्कोने २००५ मध्ये मानवतेच्या अमूर्त वारशातील श्रेष्ठ कृती म्हणून घोषित केले व २००८ मध्ये ती प्रातिनिधिक यादीत समाविष्ट झाली. विणकाम हे केवळ स्त्रियांचे काम होय, हा समज दूर करण्यास हे उदाहरण पुरेसे आहे.

या तंत्राचा मर्मबिंदू म्हणजे मागील आडव्या धाग्याचा ताण. हा धागा आखूड पडला की कापड आकसते आणि सुलट बाजूस सुरकुत्या पडतात. उपाय असा की नवा रंग घेण्यापूर्वी उजव्या सुईवर नुकतेच विणलेले टाके त्यांच्या पूर्ण रुंदीपर्यंत पसरवावेत व मगच धागा मागून घ्यावा. पाच टाक्यांहून, म्हणजे साधारणतः अडीच सेंटिमीटरहून, लांब आडवा धागा सुटा सोडू नये. तो मध्येच चालू धाग्याखाली अडकवून घ्यावा. याचे कारण केवळ सौंदर्याचे नाही. तान्ह्या बाळाच्या हातमोज्यात वा पायमोज्यात असे सुटे धागे राहिल्यास बाळाची बोटे त्यांत अडकू शकतात; बोटाभोवती धागा आवळला गेल्यास इजाही संभवते. जी वस्तू बाळाच्या बोटांना आतून स्पर्श करते, तिच्यासाठी हे तंत्र टाळणेच इष्ट होय.

आणखी एक सूक्ष्म बाब. मागे दोन धागे वरखाली चालत असतात. जो धागा सातत्याने खालून येतो त्याचा टाका किंचित मोठा पडतो आणि तो रंग सुलट बाजूस अधिक उठून दिसतो. त्यामुळे चित्राचा रंग खालून आणि पार्श्वभूमीचा रंग वरून, हा क्रम संपूर्ण कामात न बदलता पाळावा लागतो. मध्येच क्रम उलटला तर रंग तेच असूनही चित्र अस्पष्ट होते आणि चूक कोठे झाली हे समजत नाही.

या तंत्राचे काम शक्यतो गोल सुयांवर केले जाते, कारण त्यात सुलट बाजू सतत डोळ्यांसमोर राहते व प्रत्येक ओळ उजवीकडून डावीकडेच वाचता येते. शेटलंडमध्ये स्वेटरचे अंगही असे नळीसारखे विणले जाते. पुढील उघड व बाह्या यांच्या जागी काही जादा टाके घेतात आणि विणून झाल्यावर ते चक्क कात्रीने कापतात. या पट्टीला ‘स्टीक’ म्हणतात. शेटलंडची खरबरीत लोकर परस्परांना धरून राहत असल्यामुळे कापलेली कड सहसा उसवत नाही. गुळगुळीत कृत्रिम धाग्यावर मात्र हा प्रयोग शिलाई न घालता करणे धोक्याचे आहे.

मागून धागा नेण्याचे तंत्र केवळ भौमितिक नक्षीपुरते मर्यादित नाही. कॅनडातील व्हँकुव्हर बेटावरील कोस्ट सालिश समाजाच्या जाड लोकरीच्या ‘काउइचन’ स्वेटरांवर गरुड व देवमासे यांची मोठी चित्रे याच तत्त्वाने येतात. तेथे मागचा धागा वरचेवर अडकवत नेला जातो, त्यामुळे लांब सुटे धागे उरत नाहीत. कॅनडा सरकारने २०११ मध्ये या परंपरेला राष्ट्रीय ऐतिहासिक महत्त्वाची मान्यता दिली.

३.२ धागा जागीच थांबवणे : इंटार्सिया

मोठ्या, सुट्या रंगक्षेत्रांसाठी दुसरे तंत्र उपयोगी पडते. यात प्रत्येक रंगक्षेत्रासाठी धाग्याची स्वतंत्र लहान गुंडी असते. त्या क्षेत्राचे टाके संपले की तो धागा तेथेच लोंबत राहतो आणि पुढील ओळीत परतताना पुन्हा उचलला जातो. मागे आडवे धागे नसल्यामुळे कापड एकेरी, हलके व लवचीक राहते. ‘इंटार्सिया’ हा शब्द मूळचा इटालियन असून तो लाकडातील जडावकामासाठी वापरला जात असे. एक रंग दुसऱ्या रंगात बसवणे, हाच अर्थ विणकामातही कायम राहिला. मोज्यांवर व स्वेटरवर दिसणारी चौकटींची ‘आर्गाइल’ नक्षी हे या तंत्राचे परिचित उदाहरण होय. लंडनस्थित रचनाकार कॅफ फॅसेट यांनी १९८५ च्या ‘ग्लोरियस निटिंग’ या पुस्तकातून एकाच वस्त्रात विपुल रंग योजण्याची दिशा दाखवली आणि या तंत्राकडे नव्या पिढीचे लक्ष वेधले.

येथील मर्मबिंदू म्हणजे दोन रंगांची सीमा. सीमेवर रंग बदलताना नवा धागा जुन्या धाग्याखालून उचलावा लागतो, म्हणजे दोन्ही धागे परस्परांत अडकतात. हे न केल्यास दोन रंगक्षेत्रे एकमेकांपासून सुटी राहतात आणि मध्ये उभी फट पडते. उभ्या सीमेवर ही अडकवण प्रत्येक ओळीत करावी लागते.

मराठी वाचकाला ही क्रिया समजण्यास पैठणीचे उदाहरण साहाय्यभूत ठरते. पैठणीच्या पदरावरील मोर वा कमळ विणताना विणकर प्रत्येक रंगासाठी वेगळी लहान कांडी वापरतो आणि दोन रंग जेथे भेटतात तेथे बाण्याचे धागे एकमेकांत अडकवतो. त्यामुळेच पारंपरिक हातमागावरील पैठणीच्या मागील बाजूस लोंबणारे धागे नसतात व नक्षी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखी दिसते. दोन्हींतील भेदही लक्षात घ्यावयास हवा. मागावर ताण्याचे उभे धागे आधीपासून ताणलेले असून कापडाला आधार देतात. विणकामात असा आधार नसतो. प्रत्येक टाका शेजारच्या व खालच्या टाक्यावर अवलंबून असतो. सीमेवरील एक चूक येथे अधिक महाग पडते, ती यामुळे.

या तंत्राला दोन मर्यादा आहेत. गोल विणकामात ते साध्या रीतीने करता येत नाही, कारण फेरी पूर्ण करून परत येईपर्यंत धागा चित्राच्या पलीकडच्या टोकाला राहिलेला असतो. दुसरे असे की प्रत्येक गुंडीला आरंभाचे व शेवटचे अशी दोन टोके असतात आणि ती सर्व उलट बाजूस टाक्यांत ओवून पक्की करावी लागतात. बारा रंगक्षेत्रांचे चित्र म्हणजे चोवीस टोके, हा हिशेब चित्र निवडतानाच करावा.

३.३ धागा ओळीबाहेर ठेवणे : मोझेक

तिसऱ्या तंत्रात एका ओळीत एकच रंग विणला जातो. दोन ओळी एका रंगाच्या, पुढील दोन दुसऱ्या रंगाच्या, असा क्रम चालतो. ज्या टाक्यावर चालू रंग नको असेल तो टाका न विणता एका सुईवरून दुसऱ्या सुईवर उचलून घेतला जातो. त्यामुळे खालच्या ओळीतील रंग वर ओढला जातो. न लागणारा धागा ओळीच्या कडेला थांबून राहतो. अमेरिकन लेखिका बार्बरा वॉकर यांनी या पद्धतीला ‘मोझेक’ हे नाव दिले आणि १९७६ मध्ये त्यावर स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केले. हातात एका वेळी एकच धागा असल्याने हे तंत्र नवशिक्यासाठी सोपे आहे. मात्र उचललेला टाका फार उंच ताणता येत नाही. म्हणून कोनाकृती, पायऱ्यांची, चौकटींची नक्षी यात खुलते. पक्ष्याचा गोलसर देह किंवा चेहरा साधत नाही.

३.४ धागा नंतर आणणे : टाक्यावर टाका

चौथ्या प्रकारात कापड एकाच रंगात पूर्ण विणले जाते आणि नंतर जाड टोकाच्या सुईने, विणलेल्या टाक्याच्या वाटेवरूनच दुसऱ्या रंगाचा धागा फिरवला जातो. सुई ‘व्ही’च्या तळाशी वर काढायची, वरच्या टाक्याच्या दोन्ही पायांमागून न्यायची आणि पुन्हा त्याच तळाशी आत घालायची. यास ‘स्विस डार्निंग’ म्हणतात. मुळात झिजलेल्या टाक्यांना बळकटी देण्याची ही रफूची रीत आहे. नीट केलेले काम विणलेल्या चित्राहून सहज वेगळे ओळखता येत नाही. त्याची मर्यादा अशी की त्या जागी कापड दुप्पट जाड व कडक होते. डोळा, चोच, फुलाचा मध्य यांसारख्या दोन-चार टाक्यांच्या तपशिलासाठी ते आदर्श होय. संपूर्ण चित्र त्याने भरणे योग्य नाही.

४. निवडीचे एक उदाहरण

लहान मुलाच्या स्वेटरवर हिरवा पोपट विणावयाचा आहे आणि खाली लहान फुलांची पट्टी हवी आहे, असे समजू. पोपटासाठी २४ टाके व ३२ ओळींचा आलेख घेतला, तर २२ टाके व ३० ओळींच्या पूर्वोक्त प्रमाणानुसार चित्र सुमारे १०.९ सेंटिमीटर रुंद व १०.७ सेंटिमीटर उंच होईल.

पोपटाचा देह हे एकच मोठे रंगक्षेत्र आहे. तेथे मागून धागा नेल्यास उलट बाजूस लांब आडवे धागे राहतील किंवा ते वारंवार अडकवावे लागतील. म्हणून देहासाठी इंटार्सिया योग्य. त्यासाठी तीन धागे लागतील : हिरव्याचा एक आणि पार्श्वभूमीचे दोन, कारण पोपटाच्या डाव्या व उजव्या बाजूस पार्श्वभूमी स्वतंत्रपणे विणली जाईल. चोचीचे मोजके तांबडे टाके व डोळ्याचा एक काळा टाका यांच्यासाठी वेगळ्या गुंड्या बांधणे व्यर्थ आहे. ते नंतर टाक्यावर टाका घालून भरावेत. गळ्याभोवतीचा काळा कंठही तसाच भरता येईल. खालच्या फुलांच्या पट्टीत मात्र दर दोन-तीन टाक्यांनी रंग बदलतो. तेथे धागा मागून नेणेच सयुक्तिक. एकाच वस्त्रात तीन तंत्रे अशा रीतीने आपापल्या जागी येतात.

गुंडीत किती लोकर घ्यावी याचा अंदाज करण्याची साधी रीत आहे. सुईभोवती धाग्याचा एक वेढा म्हणजे साधारणतः एक टाका. देहात ३०० हिरवे टाके असतील, तर १० वेढ्यांची लांबी मोजून तिची तीसपट करावी आणि दोन्ही टोकांसाठी प्रत्येकी सुमारे १५ सेंटिमीटर जादा धरावे.

५. रंगांची निवड

दोन रंग गुंडीच्या रूपात वेगळे दिसले तरी टाक्यांत मिसळल्यावर एकरूप भासू शकतात. याचे कारण असे की लहान आकृती ओळखताना डोळा रंगछटेपेक्षा उजळ-गडद हा भेद अधिक पकडतो. तांबडा व हिरवा हे रंग परस्परविरोधी असले तरी दोन्ही सारखेच गडद असतील तर नक्षी दिसत नाही. गुंड्या शेजारी ठेवून भ्रमणध्वनीवर कृष्णधवल छायाचित्र घेतल्यास हा भेद तात्काळ कळतो. तसेच गडद रंगाचा, विशेषतः तांबड्या लोकरीचा, तुकडा पांढऱ्या धाग्यासोबत ओला करून रंग उतरतो का, हे आधी तपासावे. पहिल्याच धुण्यात पांढरी पार्श्वभूमी गुलाबी झाल्यास अनेक आठवड्यांचे श्रम वाया जातात.

६. सुचविलेला अध्ययनक्रम

वरील विवेचनाच्या आधारे पुढील क्रम सुचविता येईल. प्रथम एकरंगी तुकडा विणून त्याचे टाके व ओळी मोजाव्यात आणि त्यावरूनच विद्यार्थ्याने स्वतःचा आलेख आखावा. दुसऱ्या टप्प्यात त्याच तुकड्यावर टाक्यावर टाका घालून एक लहान फूल भरावे. यात उसवण्याची भीती नसते आणि आलेखातील चौकट म्हणजे प्रत्यक्षातला टाका, हा संबंध हाताला कळतो. तिसऱ्या टप्प्यात मोझेकची एक पट्टी घ्यावी; दोन रंग सांभाळण्याची सवय येथे होते, पण धागा एका वेळी एकच असतो. चौथ्या टप्प्यात मागून धागा नेण्याचा सराव करावा. आरंभी दर दोन टाक्यांनी, नंतर दर तीन टाक्यांनी रंग बदलावा आणि ताण स्थिर झाल्यावरच मोठे अंतर घ्यावे. पाचव्या टप्प्यात इंटार्सिया : आधी एक उभी सीमा, मग एक तिरपी सीमा, मग आर्गाइलची एक चौकट. या सर्वांनंतर विद्यार्थ्याने स्वतः निवडलेल्या चित्राकडे वळावे आणि कोणत्या भागासाठी कोणते तंत्र व का, हे विणण्यापूर्वी लिहून काढावे.

शेवटची पायरी बहुधा दुर्लक्षिली जाते. विणून झालेले काम कोमट पाण्यात भिजवून, न पिळता, टॉवेलमध्ये दाबून आणि योग्य मापात टाचण्यांनी ताणून वाळवले की टाके समान होतात. किरकोळ आकस यामुळे निघून जाते. फार आवळलेले मागील धागे मात्र यानेही सैल होत नाहीत.

७. मूल्यमापनाचा प्रश्न

प्रदर्शनात वा प्रात्यक्षिक परीक्षेत विणलेली वस्तू टेबलावर सुलट ठेवली जाते आणि चित्राच्या आकर्षकतेवरून तिचे मूल्य ठरते. याचा परिणाम असा होतो की विद्यार्थी उलट बाजूकडे दुर्लक्ष करण्यास शिकतो. मागे लांब धागे सोडलेला, टोके केवळ गाठीने बांधलेला स्वेटर टेबलावर सुंदर दिसतो, परंतु दोन धुण्यांनंतर त्याच्या गाठी सुटतात आणि घालणाऱ्याची बोटे धाग्यांत अडकतात. याउलट एखाद्या विद्यार्थिनीने लहान, साधे चित्र निवडून त्याला योग्य तंत्र योजलेले असते आणि उलट बाजू स्वच्छ राखलेली असते. तिच्या आकलनाची नोंद गुणपत्रिकेत होत नाही. म्हणून मूल्यमापनात दोन्ही बाजू तपासणे, नमुन्याच्या तुकड्याला व आलेखाला स्वतंत्र गुण देणे आणि तंत्रनिवडीची कारणे तोंडी विचारणे, या तीन गोष्टींचा अंतर्भाव व्हावा.

या विषयाची आंतरविद्याशाखीय शक्यताही येथे नमूद करावीशी वाटते. टाके-ओळींचे प्रमाण हा गणिताचा, उजळ-गडद भेद हा दृक्संवेदनेचा, लोकरीचे परस्परांना धरून राहणे हा तंतुविज्ञानाचा आणि फेअर आइलची आख्यायिका हा इतिहासलेखनातील पुराव्याचा प्रश्न आहे. एका लहान चौकोनी तुकड्याच्या निमित्ताने हे चारही प्रश्न वर्गात मांडता येतात.

निष्कर्ष

हातविणकामातील रंगतंत्रे वरवर पाहता असंबद्ध कौशल्यांची यादी वाटतात. न लागणारा धागा कोठे जातो, हा प्रश्न विचारला की त्यांच्यातील संगती स्पष्ट होते. वरचेवर बदलणाऱ्या लहान नक्षीला मागून नेलेला धागा, मोठ्या सुट्या क्षेत्राला जागीच थांबलेला धागा, कोनाकृती रचनेला ओळीबाहेरचा धागा आणि सूक्ष्म तपशिलाला नंतर आलेला धागा, अशी ही विभागणी आहे. ती समजलेला विद्यार्थी नवे चित्र पाहताच त्याचे भाग पाडू शकतो आणि कोणत्या चित्राला नकार द्यावा हेही ठरवू शकतो. अपयशाचे कारण त्याला स्वतःच्या हातात न शोधता कामात शोधता येते, आणि कामातील चूक दुरुस्त करता येते. विणलेली वस्तू हाती आल्यावर शिक्षकाने प्रथम ती उलटी करून पाहावी, एवढ्या साध्या कृतीपासूनही या दृष्टीचा आरंभ होऊ शकेल.